कढीपत्त्याच्या सालीतला अल्कलॉइड आम्लात उतरतच नाही (एम.एस्सी. प्रोजेक्ट, नाशिक)

गोदाकाठची_केमिस्ट

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. ऑरगॅनिकच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज नाशिकमध्येच. प्रोजेक्ट आहे रुटेसी, म्हणजे लिंबाच्या कुळातल्या झाडांच्या सालीतून अल्कलॉइड (वनस्पतींतली नायट्रोजन असलेली, बहुधा बेस म्हणजे आम्लारी असलेली संयुगं) वेगळे करण्याचा. आम्ही दोघी आहोत. मैत्रिणीकडे तिरफळाची साल, माझ्याकडे कढीपत्त्याची. म्हसरूळच्या पुढे एका मळ्यात कढीपत्त्याची जुनी लागवड उपटून काढत होते, तिथून मनगटाएवढी खोडं मिळाली. साल सोलून सावलीत वाळवली, मिक्सरमधून काढली, चाळली. अर्धा किलोच्या आसपास पूड झाली.

पुढे जे केलं ते असं. आधी हेक्सेनने सॉक्सलेट (गरम द्रावक पुन्हापुन्हा पुडीतून फिरवणारं उपकरण), फॅट काढून टाकायला. मग तीच पूड मिथेनॉलने. मिथेनॉल रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली द्रावक उडवायचं यंत्र) उडवलं, उरलेला चिकट गोळा २ टक्के एचसीएलमध्ये कालवला, गाळला. गाळलेल्या पाण्यात अमोनिया घालून पीएच ९-१० केला आणि क्लोरोफॉर्मने तीनदा काढलं. क्लोरोफॉर्म उडवल्यावर काय, तर चंबूच्या तळाला तपकिरी डाग. ड्रॅगेनडॉर्फला (अल्कलॉइड असला की नारिंगी होणारं चाचणीचं द्रावण) जेमतेम नारिंगी झाक.

मैत्रिणीला हीच पद्धत वापरून ठसठशीत नारिंगी ठिपके आले. सर म्हणतात, तुझी साल जुनी असेल. पण जुन्या पेपरांत याच सालीतून अल्कलॉइड काढलेत, तेही भरपूर. कुठे अडलंय?

निफाडी_घड

रसायन कळत नाही, पण धागा वाचतोय. कढीपत्त्याच्या सालीत औषध असतं हे आजच कळलं. आमच्या बांधावर दहा झाडं आहेत, भाव काय मिळतो? :)

सातपूर_रिटायर्ड

पोरी, हेक्सेनचं काय केलंस ते आधी सांग. बाटली आहे की ओतून दिलीस?

गोदाकाठची_केमिस्ट

आहे काका. ‘फॅट’ असं लेबल लावून कपाटात ठेवलीये.

सातपूर_रिटायर्ड

वाचलीस. तुझा माल त्या फॅटच्या बाटलीत आहे.

आता नीट सांगतो. आम्ल-अमोनियाचा सगळा खेळ नायट्रोजनवरच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोडीवर चालतो. आम्लात ती जोडी प्रोटॉन धरते, क्षार बनतो, क्षार पाण्यात जातो, मेण-राळ मागे राहते. अमोनिया घातला की प्रोटॉन सुटतो, मोकळा बेस क्लोरोफॉर्ममध्ये येतो. क्विनिन, स्ट्रिक्निन, ब्रुसिन सगळे या दाराने आत-बाहेर करतात. म्हणून पुस्तकात अल्कलॉइड म्हटलं की हीच पद्धत छापलेली असते आणि पोरं ती सगळ्या झाडांना लावतात.

कढीपत्त्याच्या सालीतले मुख्य म्हणजे गिरिनिंबिन, महानिंबिन, कोएनिंबिन. हे सगळे कार्बाझोल. मधे पाच अणूंचं वलय, दोन्ही बाजूंना बेन्झीनची वलयं, नायट्रोजन त्या मधल्या वलयात. त्याची इलेक्ट्रॉन-जोडी वलयाची अ‍ॅरोमॅटिसिटी राखायच्या कामाला जुंपलेली असते. पायरोलसारखंच. प्रोटॉन घ्यायला ती रिकामी नाही. २ टक्के एचसीएल घाल नाहीतर १० टक्के, कार्बाझोल पाण्यात ढुंकूनही बघणार नाही. कार्बाझोल हे रसायन पहिल्यांदा मिळालं तेच मुळी कोळशाच्या डांबरात, १८७२ साली, ग्रेबे आणि ग्लासर या दोघांना. डांबरात राहणारा गडी तो, त्याला हेक्सेन आवडलं तर नवल काय.

दुसरी गोष्ट. आम्ल घालून तापवलं असशील तर ते नुसतं फुकट जात नाही, नुकसानही करतं. महानिंबिनला लांब शेपटी आहे, तिच्यात दुहेरी बंध आहे. आम्लात ती स्वतःवरच वळून नवं वलय बनवते. मग जे वेगळं कराल ते झाडातलं की तुमच्या चंबूतलं, हे सांगता येत नाही.

ती बाटली उघड. हेक्सेन उडव, उरेल ते कोमट मिथेनॉलमध्ये विरघळव आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. मेण खाली बसेल, थंड असतानाच गाळ. मग टीएलसी घे, म्हणजे सिलिकाच्या पातळ प्लेटवर घटकांचे ठिपके वेगळे करून बघ.

गोदाकाठची_केमिस्ट

काका __/\__

म्हणजे ड्रॅगेनडॉर्फवरही विश्वास ठेवायचा नाही का?

पाषाण_स्पेक्ट्रा

मी उत्तर देते. पुण्यात याच कामात असते. ड्रॅगेनडॉर्फ दोन्हीकडून फसवतो. ज्या नायट्रोजनमध्ये बेसपणा नाही तिथे तो फिका पडतो किंवा गप्पच बसतो, आणि नायट्रोजन अजिबात नसलेल्या काही संयुगांना नारिंगी होतो. लॅक्टोन किंवा दुहेरी बंधाला लागून कार्बोनिल असलेली संयुगं असा चकवा देतात, कौमारिन हा त्यातलाच एक गट. लिंबाच्या कुळात कौमारिनांचा सुकाळ आहे, तेव्हा या कुळात तर हा चकवा पावलोपावली. तुझी ती जेमतेम नारिंगी झाक कशाची होती, मला शंका आहे.

त्यामुळे एकाच प्लेटवर सगळं बघायचं. एफ२५४ ची सिलिका प्लेट, हेक्सेन-इथाइल असिटेट ९:१. आधी यूव्ही दिव्याच्या २५४ नॅनोमीटरखाली, मग ३६५ खाली पेन्सिलीने ठिपके गोल करायचे. कार्बाझोल ३६५ खाली निळे-जांभळे चमकतात. कौमारिनही निळे चमकतात, म्हणून प्लेट अमोनियाच्या वाफेवर धर. हायड्रॉक्सी-कौमारिन असेल तर चमक एकदम भडक होते. शेवटी एनिसाल्डिहाइड-सल्फ्यूरिक फवारून गरम कर. जो ठिपका यूव्हीखाली दिसत नाही पण तापवल्यावर जांभळा येतो तो बहुतेक बीटा-सिटोस्टेरॉल, सालीच्या हेक्सेनमध्ये हमखास असतो. त्याला अल्कलॉइड समजून महिनोन् महिने कॉलम (घटक वेगळे करायची सिलिका भरलेली उभी नळी) चालवणारी मंडळी मी पाहिली आहेत.

मैत्रिणीला सांग, तिरफळासारख्या खऱ्या बेससाठी टोल्यूइन-इथाइल असिटेट-डायइथाइलअमाइन ७०:२०:१० घे. नुसत्या सिलिकावर बेस शेपटी सोडत ओढत जातात.

मुंबैकर_आळशी

सिंकोना पण याच कुळातला ना? शाळेत क्विनिन म्हणजे सिंकोनाची साल असं शिकलो होतो.

बॉटनी_बाई

नाही हो. सिंकोना रुबिएसी, म्हणजे कॉफीच्या कुळातला. रुटेसी आणि रुबिएसी, नावं कानाला सारखी लागतात म्हणून परीक्षेत दरवर्षी निम्मा वर्ग चुकतो.

पण प्रश्नामुळे एक गोष्ट आठवली, ती या धाग्याला अगदी लागू आहे. रुटेसीत अँगोस्टुरा नावाची दक्षिण अमेरिकेतली साल आहे. तापावर द्यायचे, क्विनिनच्या सालीची स्पर्धक म्हणून युरोपात खपायची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्यात दुसरीच एक साल मिसळून येऊ लागली आणि रोग्यांना विषबाधा झाली. ती ‘खोटी अँगोस्टुरा’ निघाली कुचल्याची. आपल्या कोकणात ज्याला काजरा म्हणतात तोच. त्या खोट्या सालीतून पेलेतिए आणि काव्हांतू यांनी १८१९ मध्ये ब्रुसिन वेगळं केलं. साल ब्रुसिया नावाच्या झाडाची आहे असा समज होता, म्हणून नाव ब्रुसिन. झाड निघालं भलतंच, नाव मात्र चिकटलं. क्विनिन याच दोघांनी पुढच्या वर्षी काढलं.

सांगायचा मुद्दा: साल सोलली की झाडाची ओळख गेली. पान नाही, फूल नाही, नुसता तपकिरी तुकडा. म्हणून सोलण्याआधीच फांदी पानाफुलासकट दाबून, वाळवून नमुना करायचा आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडे ओळख पटवून नंबर घ्यायचा. केला आहेस का?

गोदाकाठची_केमिस्ट

मॅडम, मळ्यात अजून चार झुडपं शिल्लक आहेत. फुलं आल्यावर घेते. कढीपत्ता तर वासानेच ओळखू येतो असं वाटलं.

बॉटनी_बाई

वासाने तुला ओळखू येतो, परीक्षकाला प्रबंधातून वास येत नाही. :) सालीचं वर्णनही लिहून ठेव. कढीपत्त्याची कोवळी साल गडद, त्यावर फिकट ठिपके. सोलताना उभ्या पट्ट्या निघतात आणि आतलं लाकूड पांढरं. तिरफळाच्या खोडावर शंकूसारखे बुचाचे काटे. बेलावर घाव घातला की डिंक. एवढं लिहिलं तरी पुढच्याला आधार होतो.

मालवणचो_झील

तिरफळाचो विषय निघालो आणि माका कोणी बोलावल्यान नाय? बांगड्याच्या तिखल्यात घातल्याशिवाय आमका चैन पडणा नाय.

एक विचारायचं होतं. तिरफळ चावल्यावर जीभ बधिर होते, मुंग्या येतात, ते या सालीतल्या अल्कलॉइडमुळेच का?

पाषाण_स्पेक्ट्रा

फळाच्या टरफलातली बधिरता सांशूल नावाच्या संयुगांची. ती अमाइड आहेत, तीही आम्लाला दाद देत नाहीत. सालीतली मंडळी वेगळी. कलकत्त्यात असीमा चटर्जी आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये तिरफळाच्या सालीतले ऱ्हेट्सिन आणि ऱ्हेट्सिनिन प्रसिद्ध केले होते. या त्याच असीमाबाई, १९४४ साली कलकत्ता विद्यापीठाच्या डी.एस्सी. झाल्या. भारतीय विद्यापीठाची विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री.

मैत्रिणीसाठी मात्र एक इशारा. तिरफळाच्या जातभाईंच्या सालीत केलेरिथ्रिनसारखे चतुर्थक अल्कलॉइड असतात, नायट्रोजनवर कायमचा धन भार असलेले. अमोनिया घातला की हे शेजारी जे द्रावक असेल त्यालाच चिकटतात. मिथेनॉल असेल तर मिथॉक्सी जोडलेलं, अ‍ॅसिटोन असेल तर अ‍ॅसिटोनिल जोडलेलं संयुग मिळतं. मग ‘नवा अल्कलॉइड सापडला’ म्हणून पेढे वाटले जातात, आणि असतं काय, तर बाटलीतलं अ‍ॅसिटोन. काचसामान अ‍ॅसिटोनने धुऊन ओलंच वापरायची सवय असेल तर आजच सोडा म्हणावं.

सातपूर_रिटायर्ड

हे अगदी खरं. डायक्लोरोमिथेनचंही तसंच. निरुपद्रवी म्हणून सगळे वापरतात, पण तापट अमाइनबरोबर बरेच तास ठेवलं तर तेही अमाइनला चिकटतं. बेस काढला की त्याच दिवशी द्रावक उडवायचं, रात्रभर तसंच ठेवायचं नाही.

चतुर्थकांचा विषय निघालाय म्हणून सांगतो. बर्बेरिन. आपल्याकडे ते दारुहळदीमुळे माहीत, पण रुटेसीतही आहे: फेलोडेंड्रॉन, चिनी औषधात ज्याची पिवळी साल वापरतात. बर्बेरिनला अमोनिया घाला नाहीतर काही घाला, ते पाण्यातच राहतं, क्लोरोफॉर्ममध्ये सहजी येत नाही. तिथे उलटा मार्ग. पाण्यातच ठेवायचं, एचसीएल आणि मीठ घालून थंड करायचं, क्लोराइड पिवळं होऊन खाली बसतं.

म्हणजे बघ, एकाच कुळातल्या सालीत एक हेक्सेनमध्ये पळतो, दुसरा पाणी सोडत नाही आणि तिसरा पुस्तकाप्रमाणे वागतो. कुठला आहे हे कळायच्या आधी फनेल हातात घेणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

वैद्य_पंचवटी

चर्चा उत्तम. मात्र एक शंका. बेल हेही याच कुळातलं. दशमुळात बेलाचं मूळ लागतं. बेल, अग्निमंथ, श्योनाक, काश्मरी, पाटला हे बृहत् पंचमूळ. हल्ली बाजारात मुळाऐवजी खोडाची साल येते. आपण म्हणता तसा एकेक घटक सुटा करून त्याचा गुण कसा कळणार? काढा पाण्यात होतो, हेक्सेनमध्ये नाही. जे पाण्यात उतरतं तेच रोग्याच्या पोटात जातं.

सातपूर_रिटायर्ड

वैद्यराज, गुण कळावा म्हणून नाही, माल ओळखावा म्हणून. मुळाच्या जागी खोड आलं हे तुम्हाला कसं कळणार? सुटा केलेला घटक हाताशी असेल तर प्लेटवर शेजारी टाकून बघता येतं. बाकी पाण्यात जे उतरतं तेच पोटात जातं हे मान्य. पण काढा उकळताना तेलकट घटकही थोडेफार गढूळ होऊन तरंगत येतात, अगदीच कोरडा नसतो तो.

वैद्य_पंचवटी

ओळखीचा मुद्दा मान्य. रविवार कारंजावर दशमुळाचा पुडा घेतला की मी आधी हुंगून बघतो, मग चावून. तुमच्या प्लेटला चव कुठे कळते?

बेलाच्या सालीला कोणती पद्धत, तेही सांगा.

पाषाण_स्पेक्ट्रा

बेलाच्या सालीत स्किमियानिन आणि फॅगरिन हे फ्युरोक्विनोलिन गटातले. कमजोर बेस, पण बेस आहेत, पुरेशा आम्लात उतरतात. अडचण कौमारिनांची. मार्मेसिन, मार्मिन, अंबेलिफेरोन असे बरेच. इथे एक पायरी बहुतेक जण गाळतात. आम्लाचं पाणी गाळून झाल्यावर, आम्ल असतानाच, ते इथाइल असिटेटने दोन-तीनदा धुवा. कौमारिन आणि इतर उदासीन माल वर निघून जातो, बेस क्षार होऊन पाण्यात थांबतो. मगच अमोनिया. ही धुलाई चुकवली तर शेवटी हातात येतं ते अल्कलॉइड-कौमारिनचं कडबोळं, आणि ड्रॅगेनडॉर्फ दोघांनाही नारिंगी.

साल असल्यामुळे टॅनिनही फार. फनेल जोरात हलवला की मधे साबणासारखा थर धरतो आणि दुपारपर्यंत सुटत नाही. हलवू नका, नुसता उलटा-सुलटा करा, मीठ घाला, तरी अडलं तर सेलाइटच्या (गाळायला वापरतात ती बारीक पूड) थरातून गाळा.

आणि हातमोजे घाला. या कुळातल्या काही कौमारिनांमुळे ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते, पुढे काळे डाग राहतात. लिंबाचा रस हातावर असताना उन्हात राबलात तरी हे होतं.

निफाडी_घड

साल काढायची पद्धत तरी मला कळते, तिथे बोलतो. द्राक्षाला आम्ही गर्डलिंग करतो. खोडावरची सालीची बारीक पट्टी गोल काढायची, म्हणजे पानातलं अन्न खाली मुळाकडे न जाता घडात उतरतं, मणी फुगतो. काही मिलिमीटरचीच पट्टी, वेल ती भरून काढतो. तीच पट्टी वीतभर रुंद काढली तर मुळं उपाशी मरतात आणि मागून झाड. औषधाला साल म्हणून लोक उभ्या झाडाला गोल सोलतात, ते बघवत नाही. अंजनेरीच्या वाटेवर, हरसूलकडे अशी वाळलेली झाडं पाहिलीत. साल हवी तर छाटणीच्या फांद्या घ्या. कढीपत्ता तळातून कापला तरी मुळांतून फुटवे फुटतात, त्याला धोका नाही.

बॉटनी_बाई

+१००. शिवाय राखीव क्षेत्रातून काही उचलायचं तर वनखात्याची परवानगी आधी. आणि पुढे यातून विकायचं उत्पादन काढायचा बेत असेल तर जैविक विविधता कायदा, २००२ लागू होतो, राज्य मंडळाला कळवावं लागतं. मळ्यातल्या उपटलेल्या खोडांवर एम.एस्सी. करणाऱ्या मुलीने घाबरायचं कारण नाही.

गोदाकाठची_केमिस्ट

अपडेट! मेण गाळलं, उरलेल्याची टीएलसी घेतली. ३६५ खाली तीन निळे-जांभळे ठिपके, मधला एकदम दणदणीत. अमोनियाच्या वाफेने फरक नाही. ड्रॅगेनडॉर्फ जवळजवळ कोरा. १००-२०० मेशच्या सिलिकावर कॉलम लावला, हेक्सेनमध्ये इथाइल असिटेट २ टक्क्यांपासून वाढवत नेलं. मधला ठिपका ज्या नळ्यांत एकटा आला त्या एकत्र करून ठेवल्या होत्या. आज सकाळी बघते तर नळीच्या काचेवर, द्रावणाच्या कडेला, सुयांसारखे फिक्या रंगाचे स्फटिक!! सरांना दाखवले, ते साल जुनी असल्याचं विसरले आहेत.

आता हे गिरिनिंबिन आहे हे कसं सिद्ध करू? मास (रेणूचं वजन मोजणारी चाचणी) आणि एनएमआरला (रेणूतले अणू कसे जोडलेत ते दाखवणारी) नमुना पाठवायचाय, पैसे एकदाच भरता येतील.

पाषाण_स्पेक्ट्रा

अभिनंदन! तुझ्या ‘जुन्या पेपरां’तला ठळक पेपर बहुधा १९६५ चा असेल: कलकत्त्यात डी. पी. चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी याच झाडाच्या खोडाच्या सालीतून मुर्रायानिन काढलं, वनस्पतींतल्या कार्बाझोलांचा अभ्यास तिथून सुरू झाला.

मासमध्ये गिरिनिंबिनचा रेणुभार २६३, म्हणजे धन आयन २६४ ला दिसायला हवा. ३३२ दिसला तर महानिंबिन, २९४ दिसला तर कोएनिंबिन. रेणुभार विषम आला की नायट्रोजन विषम संख्येत आहे एवढं तिथेच कळतं, आणि ड्रॅगेनडॉर्फपेक्षा तो पुरावा कितीतरी भक्कम. सिटोस्टेरॉलला ही परीक्षा पास होता येत नाही.

प्रोटॉन एनएमआरमध्ये चार गोष्टी शोध. १.५ पीपीएमच्या आसपास सहा प्रोटॉनचा एकच उंच सिंगलेट (न फुटलेलं शिखर), म्हणजे एका कार्बनवरचे दोन मिथाइल. २.३ जवळ वलयावरचा मिथाइल. ५.७ आणि ६.६ ला एकमेकांशी जोडलेले दोन डब्लेट (दोन टोकांत फुटलेली शिखरं), प्रत्येकाच्या दोन टोकांमधलं अंतर १० हर्ट्झच्या आसपास. हे पायरान वलयाचं लक्षण. आणि ७.८ जवळ रुंद बुटका, तो एनएच. डब्लेट दिसले पण १.५ चा सिंगलेट तीन प्रोटॉनचाच भरला, तर एका मिथाइलच्या जागी शेपटी आहे, महानिंबिनकडे बघ.

पाठवण्याआधी स्फटिक थंड हेक्सेनच्या दोन थेंबांनी धुऊन, नीट कोरडे करून पाठव. नाहीतर १.२६ आणि ०.८८ ला हेक्सेनचेच डोंगर येतील.

सातपूर_रिटायर्ड

शाब्बास. कॉलममधली सिलिका फेकू नकोस, शेवटी नुसत्या मिथेनॉलने धुऊन ते वेगळं ठेव. वरचे दोन ठिपके झाले, पण सावकाश चालणारी मंडळी तिथेच बसलेली असतात. आणि क्लोरोफॉर्मचा कचरा बेसिनमध्ये नको, हॅलोजनवाल्यांचा डबा वेगळा. त्यात अ‍ॅसिटोनही ओतायचं नाही, अल्कलीच्या संगतीत दोन्ही भडकतात.

गोदाकाठची_केमिस्ट

डबा वेगळाच आहे काका. मिथेनॉलची धुलाई उद्या करते. मैत्रीण विचारतेय, तिने तिरफळाचं काचसामान अ‍ॅसिटोननेच धुतलं होतं, आता काय?

पाषाण_स्पेक्ट्रा

थोडी पूड शिल्लक असेल तर इथेनॉलने थंडच काढून, अ‍ॅसिटोन न लावता, प्लेटवर जुन्या मालाशेजारी टाकून बघ म्हणावं. जुन्यात दिसतो आणि नव्यात नाही, तो ठिपका खोडून टाकायचा.